निवडुंगाच्या बोंडांची मार्गारिटा: रंग आला, चव कुठे गेली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळ राहता. मागच्या अंगणात फड्या निवडुंगाचं भलंमोठं बेट आहे आणि ऑगस्ट संपता संपता त्याला जांभळी-लाल फळं लगडली. साताऱ्याहून आलेल्या बाबांनी ती बघताक्षणी "अरे, ही तर आपली बोंडं!" म्हणून ओळखली. मग तुम्ही पंचवीस-तीस बोंडं तोडून मिक्सरमधून काढली, साखर घालून अर्धा तास उकळली, गाळली, आणि टकिला, लिंबू, ऑरेंज लिक्युअर घालून मार्गारिटा केली. हाती आलं ते विटकरी रंगाचं, जरा बुळबुळीत आणि चवीला नुसतं दारू घातलेलं लिंबू सरबत. आता तुम्ही विचारताय, सिरप अजून किती घालू म्हणजे कॅक्टसची चव येईल?

कितीही घाला, येणार नाही. आणखी सिरप म्हणजे आणखी साखर, एवढंच होईल.

मी टूसानमध्ये बारा वर्षं बारमागे उभी आहे. त्यातली आठ-नऊ वर्षं सप्टेंबर आला की या फळाशी माझी झटापट ठरलेली. मूळची आटपाडीची, त्यामुळे काटे नवे नव्हते. तरी पहिल्या दोन हंगामांत मी तुम्ही केल्यात त्या सगळ्या चुका केल्या, फक्त तुमच्यापेक्षा मोठ्या पातेल्यात.

मुळात अडचण सिरपच्या मापाची नाहीच. हे फळ लाजरं आहे. रंग बघून आपल्याला वाटतं, चव जांभळासारखी नाहीतर कोकमासारखी ठणठणीत असणार. कोकम ग्लासात कुठेही टाका, ते आपलं नाव सांगतंच. बोंडाचं तसं नाही. ते गोड असतं, पण त्यात आंबटपणा जवळजवळ नसतो आणि वास कलिंगड, काकडी, खरबूज या घराण्यातला. म्हणजे रंग कोकमाचा आणि स्वभाव काकडीचा. काकडी अर्धा तास उकळून तिच्यात भरपूर लिंबू पिळलं तर काकडी उरेल का? तसंच झालंय. तेव्हा उपाय दोनच: फळाला आच लावायची नाही, आणि ग्लासातल्या बाकी सगळ्यांना आवाज खाली ठेवायला सांगायचं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच कबूल करते. निवडुंग नेमका कोणत्या जातीचा, फळ किती पिकलं, उन्हाळी पाऊस किती झाला, यावर गोडी आणि रसाचं प्रमाण खूप बदलतं. इथल्या वाळवंटातला एंगलमनचा निवडुंग वेगळा. बंगल्यांच्या आवारात मुद्दाम लावलेला, मोठ्या फड्यांचा आणि मोठ्या फळांचा मेक्सिकन निवडुंग वेगळा. मेक्सिकन दुकानांत 'तूना' म्हणून मिळतात ती फळं या दुसऱ्याची. तूनात रस जास्त निघतो. रानटी बोंडात बिया जास्त, रस कमी, पण रंग आणि वास मला त्याचाच आवडतो. खाली देते ती मापं एंगलमनच्या बोंडांवर बसवलेली आहेत. तुमच्याकडे दुसरी जात असेल तर माप हा अंदाज समजा आणि जिभेवर सोडा.

आता उकळण्याबद्दल. बोंडाचा रंग आणि बीटाचा रंग एकाच कुळातला आहे, बीटालेन म्हणतात त्या रंगद्रव्यांचा. जांभूळ, जास्वंद, लाल कोबी यांचे रंग वेगळ्या कुळातले. लिंबू पिळलं की ते रंग बदलतात. बोंडाचा रंग लिंबाला भीत नाही, तो आचेला भितो. उजेड आणि हवाही त्याला सोसत नाही, पण आच सगळ्यात वाईट. माझ्या पहिल्या हंगामात मी ज्या रेस्टॉरंटात होते तिथल्या स्वयंपाकघरात वीसेक किलो बोंडांचा रस मोठ्या आचेवर ठेवला आणि टेबलांच्या गडबडीत विसरले. तासाभराने झाकण उघडलं तर राणी रंगाचा रस विटेच्या भुकटीसारखा झालेला आणि वास उकडलेल्या भोपळ्याचा. मालकाने पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तुमचं ते विटकरी सिरप मात्र ओतून देऊ नका. मेक्सिकोत सान लुईस पोतोसीकडे तूनाचा रस मुद्दाम तासन्‌तास आटवून घट्ट, तपकिरी वडी करतात. 'केसो दे तूना' म्हणतात, म्हणजे तूनाचं चीज, पण चीजशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या फणसपोळीची किंवा आंबापोळीची लांबची बहीण म्हणा. आटवलेल्या बोंडाला काकवीसारखी खमंग चव येते आणि तीही चांगलीच असते, फक्त तुम्हाला हवी होती ती ही नव्हे. पोळीशी खा, किंवा ओक पिंपात मुरलेल्या टकिलात चमचाभर घाला.

नव्या बोंडांना हात घालण्याआधी काट्यांचं बघू. मोठे काटे दिसतात म्हणून ते चालतात. खरा छळ करतात ते बोंडावरच्या ठिपक्यांमधले केसाळ काटे. कुसळासारखे बारीक, टोकाला आकडा असलेले, नुसत्या स्पर्शाने सुटणारे. लहानपणी आम्ही कडुलिंबाच्या डहाळीने बोंडं मातीत घोळवायचो, मग दगडावर घासायचो, आणि तरी संध्याकाळी आजी कंदिलाशी बसून जिभेवरची कुसळं काढायची. इथे चिमटा वापरा, लांब दांड्याचा, पापड भाजायचा नव्हे. हातमोजे घातले तरी बोंड हाताने धरू नका. कुसळं मोज्यात अडकतात आणि पुढच्या वेळी आतून टोचतात. बोंड देठापर्यंत गडद झालेलं हवं. बुडाशी हिरवं दिसत असेल तर ते राहू द्या. पिकलेलं बोंड चिमट्यात धरून जरा पिळलं की फडीपासून सुटून येतं. ओढावं लागत असेल तर आठवडाभर थांबा. आणि प्रत्येक फडीवर थोडी ठेवा, पक्ष्यांचाही हंगाम हाच असतो.

कुसळ हातात घुसलंच तर बोट तोंडात घालू नका, मग ते ओठात जातं. आधी चिमटीने निघतील तेवढी काढा. मग पांढरा डिंक, आपला फेव्हिकॉलसारखा, पातळ लावा, वर पट्टीचं जाळीदार कापड दाबा आणि पूर्ण वाळल्यावर एका झटक्यात सोला.

आता रस. मिक्सर आणि गॅस, दोन्ही विसरा. बोंडं चिमट्यानेच चाळणीत घेऊन नळाखाली जोरात धुवा, जाड पिशवीत भरा आणि सालीसकट फ्रीझरमध्ये टाका. रात्रभर पुरे, दोन दिवस राहिली तरी हरकत नाही. गोठताना आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे स्फटिक फळाच्या पेशी फाडतात. मिक्सर जे काम धसमुसळेपणाने करतो ते इथे गुपचूप होतं. मग मोठ्या पातेल्यावर चाळणी, चाळणीत चक्क्याला वापरतो ते कापड दुहेरी घालून त्यात गोठलेली बोंडं ठेवा. चार-सहा तासांत ती मऊ पडून खाली बसतात आणि कापडातून राणी रंगाचा रस टपकायला लागतो. बोंडं पूर्ण सुटली की पावभाजीच्या मॅशरने हलकेच दाबा. हलकेच म्हणजे खरंच हलकेच. बिया दगडासारख्या असतात. त्या भरडल्या गेल्या तर रसाला कडवट, लाकडी चव येते. कापड हाताने पिळण्याचा मोह होईल, तो टाळा. एक कारण कुसळं, आणि दुसरं कारण बुळबुळीतपणा.

तुमच्या ग्लासातला तो बुळबुळीतपणा यातूनच आला. निवडुंगाच्या अंगात चिकट द्रव्य असतं, भेंडीसारखं. त्याच्या जिवावर तो पाणी धरून ठेवतो, म्हणून त्याला नावं ठेवता येत नाहीत. साल आणि गर मिक्सरमध्ये जोरात फिरवले की ते भरपूर रसात उतरतं. नुसतं गोठवून टपकवलं तर फार कमी येतं. याच कारणाने बोंडं थेट टकिलाच्या बाटलीत मुरत घालू नका, इंटरनेटवर कोणी कितीही सुंदर फोटो टाकलेले असोत. मी एकदा घातली होती. आठवड्याने बाटली तिरकी केली तर आत शेंबडासारख्या तारा तरंगत होत्या. चांगली टकिला होती, म्हणून अजून आठवते.

टपकलेला रस उंच बाटलीत किंवा बरणीत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तळाशी गढूळ थर बसेल. वरचा रस न हलवता कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि तळाचा दोन बोटं रस सोडून द्या. चुकूनमाकून आलेली कुसळं त्यातच असतात. कंजूषपणा करून तो थर वापरायची हौस मी एकदा केली आणि दोन दिवस खालचा ओठ आरशात बघत बसले.

इथवर आलात की पंचवीस-तीस रानटी बोंडांतून साधारण 400 मिली रस हाती येतो. चाखून बघा. छान लागेल, पण पातळ. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाजवळची चव असते ना, तशी. हा रस तसाच मार्गारिटात घातला तर बर्फाचं पाणी मिळून तो पुन्हा दिसेनासा होईल. तेव्हा तो घट्ट करायचा आहे, पण आटवायचा नाही. हीच या सगळ्या उद्योगातली मोलाची युक्ती आहे आणि तिला फ्रीझरपलीकडे काही लागत नाही.

रस प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, वर चार बोटं जागा सोडा, आणि दगडासारखा गोठवा. मग झाकण काढून बाटली एखाद्या रुंद तोंडाच्या बरणीवर उपडी ठेवा. सुरुवातीला जे वितळून खाली पडतं ते गडद, जवळजवळ काळपट जांभळं असतं, कारण साखर, रंग आणि चव असलेला भाग आधी सुटतो आणि शुद्ध पाणी बर्फ होऊन मागे राहतं. निम्मा रस खाली उतरेपर्यंत बाटलीतला बर्फ फिक्या गुलाबी रंगाचा झालेला दिसेल. तिथे थांबा. खालचा 200 मिली गडद रस तुमचा. एक थेंब जिभेवर ठेवलात की मी काय म्हणतेय ते कळेल: आता बोंड बोलायला लागतं. उरलेला फिका बर्फ माठातल्या पाण्यात टाका, नाहीतर मुलांना द्या. साखर घालायची गरज नाही. गोडी फळाचीच पुरते.

साठवण्याबद्दल जरा कडक होते. या रसात आम्ल जवळजवळ नाही, त्यामुळे तो लोणच्यासारखा किंवा लिंबाच्या सिरपसारखा टिकत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ओट्यावर ठेवू नका, छान दिसतो म्हणून भेट तर मुळीच देऊ नका. कमी आम्लाचे पदार्थ हवाबंद ठेवले की त्यात वाढणारे जिवाणू खरोखर जिवावर उठतात, आणि वासावरून ते ओळखताही येत नाहीत. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत. मी ट्रेवालीच आहे. दिवाळीला चार खडे काढले की सप्टेंबर परत आला.

आता टकिला. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, "टकिलाही कॅक्टसचीच, म्हणून चव जुळेल." हा गैरसमज इथल्या निम्म्या गिऱ्हाइकांचा असतो, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. टकिला कॅक्टसची नसते, ती अगाव्हेची. अगाव्हे म्हणजे आपलं घायपात, बांधावर आणि रेल्वेच्या कडेला दिसतं त्याच्या कुळातलं, आणि वनस्पतिशास्त्रात ते निवडुंगापेक्षा शतावरीच्या जवळचं. निळ्या अगाव्हेचा गड्डा पिकायला सहा-सात वर्षं किंवा जास्तही लागतात. तो भाजून, रस काढून, आंबवून ऊर्ध्वपातन करतात. मेक्सिकोने 1974 मध्ये या नावाला कायद्याचं कुंपण घातलं. हालिस्को राज्य आणि आणखी चार राज्यांतले ठरावीक भाग, एवढ्याच पट्ट्यातली दारू टकिला म्हणवून घेऊ शकते.

बाटलीवर '100 टक्के अगाव्हे' लिहिलेलं हवं. तसं लिहिलेलं नसेल तर निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे 51 टक्के साखर अगाव्हेची असली तरी कायद्याला चालतं, उरलेली दुसऱ्या कशाची असू शकते. मीठ-लिंबू चाटून शॉट मारणाऱ्याला त्याने फरक पडत नसेल, पण लाजऱ्या फळाशेजारी तो लगेच उघडा पडतो. आणि घ्यायची ती ब्लांको, बिनरंगी. रेपोसादो किमान दोन महिने ओकच्या पिंपात असते, अन्येहो वर्षभर; त्यांचा व्हॅनिला, लाकूड, कारमेल यांचा वास बोंडाला चिरडतो. ब्लांकोचा हिरवा, किंचित मिरीसारखा वास मात्र काकडी-कलिंगडाच्या वासाला हाताला धरून पुढे आणतो. तुम्ही अन्येहो वापरलीत असं लिहिलंय. ती बाबांना नुसती द्या, हळूहळू प्यायला.

लिंबाचं गणित उलटं आहे. या फळात आंबट नाही म्हणजे लिंबू हवंच, नाहीतर पेय मिठाईसारखं बेचव गोड होतं. पण लिंबाचं काम कणा देण्याचं, तोंड उघडायचं नाही. इथल्या सुपरमार्केटात मिळतं ते मोठं, बिनबियांचं पर्शियन लाइम. मेक्सिकन दुकानात मिळतं ते बारकं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. एरवी मी कागदीची बाजू घेऊन भांडेन, पण इथे नाही. त्याचा वास इतका तरतरीत असतो की बोंड मागच्या बाकावर जाऊन बसतं. इथे पर्शियनच घ्या, आणि ताजं पिळा.

ऑरेंज लिक्युअरचंही तेच. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या साध्या मार्गारिटात टकिला 50 मिली, ट्रिपल सेक, म्हणजे ऑरेंज लिक्युअरच, 20 आणि लिंबू 15 असं माप आहे, आणि त्या पेयासाठी ते बरोबरच आहे. तुम्ही त्याच मापात वर सिरप ओतलंत, म्हणजे दोन गोड आणि एक संत्रं, आणि बोंड कुठेच नाही. मी संत्रं अर्ध्यावर आणते. काही गिऱ्हाइकांसाठी पूर्ण काढूनही टाकते, मग वाटलं तर अर्धा चमचा अगाव्हेचं सिरप.

शेवटचं पात्र मीठ. ग्लासाच्या काठावरचं नव्हे, आतलं. 20 ग्रॅम मीठ 80 मिली पाण्यात विरघळवून छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत ठेवा. ग्लासामागे तीन थेंब. खारट लागत नाही, पण कडवटपणा दबतो आणि फळाचा गोडवा वर येतो. कलिंगडाच्या फोडीवर मीठ भुरभुरतो ना, तीच गोष्ट. काठावर मीठ लावायचंच असेल तर अर्ध्या काठाला लावा, म्हणजे पिणाऱ्याला निवड राहते. तिखट-मीठ लावायची इथे फॅशन आहे. मी कलिंगड-मार्गारिटाला लावते, हिला नाही.

एका ग्लासाचं माझं माप: ब्लांको टकिला 45 मिली, म्हणजे दीड पेग, बोंडांचा घट्ट रस 45 मिली, लिंबाचा रस 20 मिली, ऑरेंज लिक्युअर 10 मिली, मिठाच्या पाण्याचे तीन थेंब. या हिशेबाने तुमच्या पंचवीस-तीस बोंडांतून चार ग्लास होतात. हो, फक्त चार. बाजारातलं तयार सिरप इतकं स्वस्त कसं मिळतं ते यावरून कळेल. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचलीत तर फळाचा नंबर बहुतेकदा साखर आणि पाण्यानंतर लागतो.

शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा किंवा काचेची बरणी चालते. सगळं मोजून आत घाला आणि बर्फ घालण्याआधी चमचाभर चाखा. या क्षणी ते जरा जास्त गोड, जास्त आंबट, जास्त कडक लागायला हवं, कारण बर्फ पाणी सोडणार आहे. आंबट टोचत असेल तर बोंडांचा रस चमचाभर वाढवा. गोड बसकं वाटत असेल तर लिंबू, पण थेंबाथेंबाने. मग मोठे खडे तोंडोतोंड भरा. फ्रिजच्या मशिनचा चुरा नको, तो लगेच वितळतो. बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवा. डब्याला बाहेरून दवाचा पांढरट थर धरला आणि तळहाताला धरवेना झालं की थांबा. बर्फ भरलेल्या ग्लासात गाळा. वर गुलाबी फेस येईल, त्यावर काही सजावट नको. फारच हात शिवशिवत असेल तर काकडीची एक पातळ चकती.

जमली की नाही हे ओळखायची माझी खूण: पहिल्या घोटात लिंबू आणि टकिला येतात, आणि गिळल्यावर नाकातून श्वास सोडलात की कलिंगड फोडल्यासारखा वास येतो. तो आला तर बोंड जागेवर आहे. नाही आला तर पुढच्या ग्लासात लिक्युअर पूर्ण काढा आणि लिंबू 15 मिलीवर आणा.

बाबांचा प्रश्न राहिला: हेच साताऱ्यात करता येईल का? येईल, पण तीन गोष्टी सांगा त्यांना. पहिली सगळ्यात महत्त्वाची. आपण निवडुंग हा शब्द फार सैल वापरतो. कुंपणाला लावलेला, फांदी मोडली की पांढरा चीक येतो तो निवडुंग कॅक्टस नव्हेच. त्याचा चीक विषारी असतो, डोळ्यात गेला तर फार त्रास देतो. आपल्याला हवा तो चपट्या फड्यांचा, चीक नसलेला फड्या निवडुंग. तोही मूळचा अमेरिकेतलाच, आपल्या माळावर घरजावई झालेला. दुसरी, माळावरची आपली बोंडं इथल्यापेक्षा बारकी आणि माझ्या आठवणीत तरी चांगली आंबट असतात, म्हणून लिंबू निम्म्यावर आणून सुरुवात करा. सौराष्ट्रात याच बोंडांचा रस 'फिंडला' म्हणून विकतात, त्यामुळे पिण्याची परंपरा आपल्या शेजारी आहेच. तिसरी, टकिला महाग वाटली तर गोव्यात मिळणारी 'डेसमंडजी' नावाची दारू बघा. दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून केलेली आहे. तिला टकिला म्हणता येत नाही, पण या ग्लासात ती परकी वाटणार नाही. बोंडंच मिळाली नाहीत तर लाल गराचं ड्रॅगन फ्रूट घ्या. तेही कॅक्टसचंच फळ, रंगद्रव्यही याच कुळातलं, आणि सांगली-सोलापूरकडे आता शेतंच्या शेतं आहेत. स्वभाव आणखी लाजरा, म्हणून गोठवून घट्ट करायची युक्ती तिथे दुप्पट कामाला येते.

आई दारू घेत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यासाठी घट्ट रस 45 मिली, लिंबू 15 मिली, मिठाचे तेच तीन थेंब, आणि वरून थंडगार सोडा. आमच्या बारमध्ये गाडी चालवणाऱ्यांसाठी मी हेच देते, आणि खरं सांगायचं तर शिफ्ट संपल्यावर मी स्वतःही बऱ्याचदा हेच पिते. आणि हो, दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाची लघवी गुलाबी झाली तर घरभर धावपळ करू नका. बीट खाल्ल्यावर काहींना होतं, तसंच हे. माझ्या पहिल्या सप्टेंबरमध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन बसले होते.